माळीण परत आली, असं मी वाचलं

माझी बायको गेली, त्याआधीच्या बारा-तेरा दिवसांत ती मला तीनदा म्हणाली होती, "पोरीला एकदा आणा." मी आणलं नाही. तिला सांगितलं, पोरगी घाबरते, नको म्हणते. आणि तिकडं धारवाडला, माझ्या अक्काच्या घरी ठेवलेल्या पोरीला सांगितलं, आईच नको म्हणते. दोन्ही खोटं होतं. याला अठरा वर्षं झाली. हे मी अक्काला सांगितलेलं नाही, कुठल्या मित्राला नाही. देवापुढं हात जोडून उभा असतानासुद्धा मनात हे वाक्य पूर्ण केलेलं नाही, अर्ध्यावरच घंटा वाजवून बाहेर आलोय. आज पहिल्यांदा लिहितोय.

मी बोलका माणूस नाही. हुबळीच्या बाजारात आमचं मॅचिंगचं दुकान आहे. साडीचे फॉल, अस्तर, ब्लाऊजपीस, दोरे. आजोबा मिरजेकडनं इकडं आले, तेव्हापासूनचं. या धंद्यात बोलावं लागतं ते थोडंच. बाई साडी घेऊन येते, आम्ही रंगाचा गठ्ठा काढतो, ती तो ट्यूबलाइटखाली धरते आणि मग विश्वास न बसून पायरीवर उन्हात घेऊन जाते. उन्हातनं परत येऊन म्हणते, "मॅच आगंगिल्ल री, अण्णा." जुळत नाही म्हणते. ते खरंच जुळत नसतं. पण मी पिढीजात ठरलेलं वाक्य बोलतो: एक धुणं झालं की बसेल. ती घेऊन जाते. परत भांडायला फारशी कुणी येत नाही. असली छोटी खोटी वाक्यं माझ्या तोंडात इतकी मुरली आहेत, की ती बोलताना मला मी खोटं बोलतोय असं वाटतच नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. फक्त मी कुठनं आलोय ते सांगतोय.

घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, असं आमचं सगळ्यांचंच. पण बायको कोल्हापूरकडची. लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी तिचं कन्नड भाजीपुरतं आणि बसपुरतं. वाचता तर अजिबात यायचं नाही. "सगळी अक्षरं फुगडी घालतायत," म्हणायची, "एकाचं तोंड दिसेल तर शपथ." त्यामुळं लाइटबिल, पाणीपट्टीची नोटीस, शाळेची चिठ्ठी, जे काही कन्नडात घरात यायचं ते मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. मी सांगेन तेच त्या कागदावर लिहिलेलं असायचं. आमच्या घरात याबद्दल कुणाला शंका नव्हती.

ते पुस्तक बायकोनंच आणलं होतं, एका प्रदर्शनातनं, नुसती चित्रं बघून. जाड पुठ्ठ्याची पानं, कडेला तारेची वळी, आणि प्रत्येक चित्राचं पान आडवं तीन तुकड्यांत कापलेलं. वर डोकं, मध्ये धड, खाली पाय. तिन्ही तुकडे वेगवेगळे उलटायचे. राजाचं डोकं, भोपळ्याचं पोट आणि कोंबडीचे पाय एकत्र आले की आमची सहा वर्षांची पोरगी जमिनीवर लोळून हसायची. माझं डोकं, तिच्या आईचं पोट आणि दुकानातल्या शिडीचे पाय, असंही ती तोंडानंच जुळवायची. "आईचं पोट भोपळ्यालाच लाव, फरक कळणार नाही," असं मी एकदा म्हणालो होतो, तर बायकोनं शेंगांची साल मला फेकून मारली होती.

डाव्या बाजूला गोष्ट होती, कन्नडात. एका गावात चेटकिणीला सर्दी होते. ती शिंकली की समोर जो असेल त्याचं रूप पालटतं. राजाचा बेडूक, शिंप्याचा भोपळा, कोतवालाची कोंबडी, माळिणीचं पाखरू. गाव घाबरून आलं-मिऱ्याचा काढा करतं, चेटकिणीला पाजतं, तिला एक उलटी शिंक येते आणि सगळे होते तसे होतात.

शेवटच्या पानावर मात्र चार ओळी वेगळ्या होत्या. माळीण आली नाही. ती फार लांब उडून गेली होती, उलटी शिंक तिच्यापर्यंत पोचली नाही. म्हणून माळी रोज सकाळी कुंपणाशी दाणे टाकतो. खाली चित्र होतं: एक माणूस कुंपणापाशी वाकून दाणे टाकतोय. पाखरू कुठं काढलेलं नव्हतं.

पहिल्यांदा वाचायला बसलो तेव्हा पोरगी माझ्या मांडीला टेकून होती आणि बायको समोर शेंगा सोलत होती. त्या ओळी माझ्या डोळ्यांनी वाचल्या आणि तोंडानं म्हटलं, "आणि माळीण पण परत आली. माळ्याला इतका आनंद झाला, की तो पाखरांना दाणे टाकायला लागला." काही विचार करून नाही. एक धुणं झालं की बसेल, तसं. बायको मान वर करून म्हणाली, "बरं झालं बाई आली. नाहीतर पोरीला झोप लागायची नाही."

त्यानंतर ते पुस्तक शंभर वेळा तरी वाचलं असेन. शंभर वेळा माळीण परत आली.

पुढच्याच वर्षी बायकोचं दुखणं निघालं. तपासण्या, ऑपरेशन, मग किमो. केस गेले तेव्हा पोरीला काय सांगायचं या विचारानं मी दोन दिवस दुकानातच जास्त थांबत होतो. ते काम बायकोनंच केलं. डोक्यावरचा रुमाल काढून पोरीसमोर बसली आणि म्हणाली, "शिंकली की गं चेटकीण माझ्यावर."

पोरगी थोडा वेळ बघत राहिली. मग दोन्ही हातांनी तिचं डोकं चोळून म्हणाली, "मऊ लागतंय. कुणाचं डोकं आहे हे?"

"बेडकाचं असेल."

"बेडूक हिरवा असतो. मग तू काढा पी की."

"पितेच आहे. सुईतनं देतात इथं."

"मग उलटी शिंक कधी येणार?"

"येईल. सगळ्यांची आली ना?" असं म्हणून बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

हे मुद्दाम लिहितोय. पोरगी घाबरली नव्हती. एक दिवससुद्धा घाबरली नव्हती.

सात-आठ महिन्यांनी पुन्हा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं आणि बराच वेळ कन्नडात समजावून सांगितलं. आता औषधांचा उपयोग नाही, त्रास होऊ नये एवढंच बघू, दोन-तीन आठवडे धरा. दार अर्धं उघडं होतं. बायकोला आतनं आमची तोंडं दिसत होती. मी आत आलो.

"काय म्हणाले?"

"औषध लागू पडायला वेळ लागतो म्हणाले."

"एवढा वेळ बोलले, आणि एवढंच?"

"कन्नडात लांब होतं."

ती हसली. खरंच हसली, पोटाला हात धरून. त्या खोलीत तिला शेवटचं हसवलं ते मी असं.

दुकान आणि हॉस्पिटल दोन्ही जमेना, तेव्हा पोरीला अक्काकडं धारवाडला नेऊन ठेवलं. अक्काचे यजमान धारवाडजवळच्या बेलूरला कारखान्यात, मुलं मोठी झालेली, घरात जागा होती. अक्का मला अजूनही तम्माच म्हणते, धाकट्या भावाला इकडं म्हणतात तसं. "तम्मा, पोरीची काळजी करू नकोस," म्हणाली, "पण रविवारी तिला आईकडं ने. पोर दाखवत नाही, पण वाट बघते."

पहिल्या रविवारी नेणार होतो. शनिवारी बायको म्हणाली, "उद्या आणा हं तिला. येताना तिचा कंगवा आणा. अक्का वेणी घट्ट घालत नाहीत."

मी होय म्हणालो. मग जिन्यावरनं उतरताना मला ती खोली डोळ्यांपुढं आली. पोरगी पलंगावर चढून बसणार आणि विचारणार, उलटी शिंक कधी? बायको माझ्याकडं बघणार, पोरगी माझ्याकडं बघणार, आणि शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते एकट्या मला माहीत. एकेकीला वेगळं सांगणं मला जमत होतं. दोघींसमोर एकदम जमलं नसतं. पोरीला त्रास होईल, बायकोला दगदग होईल, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तसं नव्हतं. मला माझी सुटका हवी होती.

रविवारी एकटाच गेलो. "ती घाबरते," म्हणालो. "नको म्हणाली."

बायकोनं रुमाल पुढं ओढून घेतला. म्हणाली, "बरोबर आहे. मी पण घाबरले असते."

त्याच दुपारी धारवाडला फोन केला. पोरगी फोनवर आली. "मी तयार होऊन बसले होते. फ्रॉक घातला होता."

"आई म्हणाली, पूर्वीसारखी झाल्यावरच ये. अर्धी बदललेली असताना बघायचं नाही."

"आईच म्हणाली?"

"हो."

"मला अर्धी पण चालते म्हणून सांग तिला."

मी सांगितलं नाही.

बुधवारी पोरीचे कपडे द्यायला धारवाडला गेलो, तर ती पुस्तक घेऊन दारातच उभी. चित्रांचे तिन्ही तुकडे तिनं माळिणीवर आणून ठेवले होते. डोकं माळिणीचं, धड माळिणीचं, पाय माळिणीचे. पानं हलू नयेत म्हणून वरनं हिरवा दोरा गुंडाळून दोन गाठी मारल्या होत्या. दोरा आमच्याच दुकानातला. माळिणीच्या चित्रातल्या लुगड्याला जुळणारा हिरवा तिनं अक्काच्या शिवणाच्या डब्यातनं शोधून काढला होता. "उन्हात धरून बघितला," म्हणाली. "जुळतो." मग म्हणाली, "आईला दे. पण तिनंच सोडायचा दोरा. तू नाही."

अक्का मागं उभी होती. म्हणाली, "काय डोकं चालतं बघ तुझ्या पोरीचं. दुकान हीच चालवणार, तू बस घरी."

मी पुस्तक घेऊन हुबळीला आलो आणि थेट दुकानात गेलो. गल्ल्याच्या खाली, अस्तराच्या ताग्यांमागं ठेवलं. हॉस्पिटलात नेलं नाही. बायकोनं ते बघितलं असतं तर तिला कळलं असतं, की पोरगी घाबरलेली नाही. मग तिनं विचारलं असतं, तुम्ही असं का सांगितलंत?

संध्याकाळी पोरीचा फोन. "सोडला दोरा? काय म्हणाली?"

"हसली," मी सांगितलं.

"अजून?"

"छान केलंय म्हणाली."

बायकोनं दुसऱ्यांदा विचारलं ते गुरुवारी. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा पुढच्या मंगळवारी. त्या वेळी तिचा आवाज फार खाली गेला होता, मला कान जवळ न्यावा लागला. "आत आणू नका," म्हणाली. "नुसती दारात उभी करा. मी तोंडावरनं चादर घेते. फटीतनं बघते तिला. तिला कळणार पण नाही."

मी म्हणालो, "रविवारी बघू."

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास ती गेली. मी शेजारी होतो. तिचा हात माझ्या हातात होता, आणि माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट ही, की आता कुणी विचारणार नाही. हे मी लिहितोय कारण ते तसंच होतं.

स्मशानात पोरीला नेलं नाही. आमच्यात नेत नाहीत. अक्कानं तिला सगळं झाल्यावर आणलं. तिनं मला एकच विचारलं, "पूर्ण परत झाली होती का?" अक्कानं तिला उचलून आत नेलं.

दिवस झाल्यावर पोरगी पुस्तक मागायला लागली. ताग्यांमागनं काढलं तर दोरा तसाच, दोन्ही गाठी तशाच. असं दिलं तर ती ओळखणार. म्हणून कात्रीनं दोरा कापला आणि पुस्तक घरी नेऊन तिला दिलं. दुकानातली कात्री, रोज अस्तर कापायची. आयुष्यात मी तिनं किती कापड कापलं असेल. त्या दिवशी बोटाला लागलं, तेवढंच.

एक गोष्ट मी विसरलो होतो. माणूस इतका साधा विचार कसा करत नाही, याचं मला आजही नवल वाटतं. पोरगी या गावातली होती. शाळेत कन्नड शिकत होती. तिची आई कधी वाचू शकली नसती, पण ती वाचणारच होती.

तिसरीत असताना एका दुपारी ती पुस्तक घेऊन दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यापाशी स्टुलावर बसली, शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून ठेवून कन्नडात मोठ्यानं वाचलं. चारही ओळी. एक अक्षर चुकली नाही.

"अप्पा, माळीण परत येत नाही."

मी अस्तराची घडी घालत होतो.

"तू तर परत आली असं वाचायचास."

"चुकलं असेल माझ्याकडनं."

"शंभर वेळा?"

मी घडी मोडून पुन्हा घालायला लागलो.

"तुला कन्नड येतं की," ती म्हणाली. रागानं नाही. दुकानात येणारी बाई पायरीवर उन्हात साडी धरते, तेव्हा जसं बघते तसं ती माझ्याकडं बघत होती. मग पुस्तक मिटून गल्ल्यावर ठेवलं. "तुझ्याकडंच राहू दे." ते त्या दिवसापासून तिथंच आहे, खालच्या खणात. कापलेला हिरवा दोराही त्यात आहे.

त्यानंतर तिनं मला काही वाचून मागितलं नाही. घरात येणारा प्रत्येक कागद ती स्वतः वाचायची, पाचवीत असल्यापासून. हल्ली ती हुबळीबाहेर तारिहाळला एका कारखान्यात आहे, यंत्राचे भाग तपासते. नकाशात दिलेलं माप आणि हातातल्या तुकड्याचं माप. केसभर फरक असला तरी बाजूला काढते. "आमच्याकडं बसेल-बिसेल चालत नाही, अप्पा," असं एकदा हसत म्हणाली होती. तिनं मला माफ केलंय असं वाटावं, इतकी चांगली वागते. पण कशाची माफी, हे तिला माहीतच नाही.

यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा तिनंच निवडलेला, चांगला आहे. पत्रिका छापून आल्या तेव्हा अक्का धारवाडहून आली होती. आमच्याकडं पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात आणि दुसरी गेलेल्या माणसाच्या फोटोपुढं. हळदकुंकू लावून म्हणायचं, कार्याला या. हे मुलीनंच करायचं असतं. अक्कानं फोटो पुसला, खाली पाट मांडला, पोरीच्या हातात पत्रिका दिली.

पोरीनं ती टेबलावर ठेवली. "देवाला ठेवली ना, बास."

"अगं, आईला नको का बोलवायला?"

"तिनं मला बोलावलं नव्हतं, आत्या. मी कशाला बोलवू?"

"जीभ आवर," अक्का ओरडली. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात? शिकलीस म्हणून जास्त झालंय का?"

"मी सात वर्षांची होते." पोरगी शांत होती. "फ्रॉक घालून बसले होते तुमच्या सोफ्यावर. तुम्हीच वेणी घातली होती. तिला मी नको होते. ठीक आहे, तिला त्रास होत असेल, मी समजू शकते. पण मला मूल झालं, तर मी मरताना तरी त्याला बोलावेन." आणि कामाला निघून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी तिथंच खुर्चीत बसलो होतो. या सगळ्यात मी एक शब्द बोललो नाही.

अक्का स्वयंपाकघरात गेली. मी पाणी प्यायला गेलो तर पाठमोरीच म्हणाली, "तम्मा, खरं सांग. ती नको म्हणाली होती? माझं मन घेत नाही. त्या बाईला पोरीशिवाय एक घास जायचा नाही."

"अक्का, एवढ्या वर्षांनी काय त्याचं."

तिनं वळून बघितलं. पुन्हा भाकरी थापायला लागली.

पत्रिका अजून टेबलावर आहे. त्यावर कुंकू नाही. लग्नाला एकवीस दिवस राहिलेत. मी हे मराठीत लिहितोय. पोरीला मराठी वाचता येतं, पण तिनं हे वाचलं म्हणून माझं काम झालं, असं होत नाही. इतकी वर्षं तिच्या आणि तिच्या आईच्या मध्ये मी कागद धरून उभा होतो. आता पुन्हा कागदच पुढं करणं बरं दिसणार नाही.

तिला समोर बसवून, खालच्या खणातलं पुस्तक आणि तो कापलेला दोरा तिच्या हातात देऊन, माझ्या तोंडानं सांगायचं आहे: तुझ्या आईनं तुला बोलावलं होतं, तीनदा. शेवटी ती म्हणाली, नुसती दारात उभी करा. तिनं तुझं पुस्तक कधी बघितलं नाही, कारण मी ते दिलं नाही. तू घाबरतेस असं समजून ती गेली, आणि ते तिला मी सांगितलं होतं.

एवढं मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.